उत्तरेश्वररावांचा एल्बो

त्या रविवारी उत्तरेश्वररावांनी जीपचं बॉनेट उघडलं ते फक्त बघायला. पुढं महिनाभर ते घरातल्या प्रत्येकाला हेच सांगत राहिले, म्हणून ते इथं आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. (फक्त बघायचं असेल तर माणूस हातात पाना कशाला घेतो, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने, वर्षाराणीने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेव्हाच विचारला होता. त्याचं उत्तर तिला आजतागायत मिळालेलं नाही.)

बघण्याचं कारण मात्र गंभीर होतं. उत्तरेश्वररावांची भाची हर्षाली हिचं लग्न महिन्यावर आलं होतं. लग्न मुरुमला, मुलीच्या आणि मामांच्याही गावी. नवरा मुलगा सोनारीचा, म्हणजे लग्न लागलं की नवरी निघणार ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. हर्षाली लहान असताना मामांच्या जीपच्या बॉनेटवर बसून फोटो काढून घ्यायची. तेव्हा मामा एकदा लाडात येऊन म्हणाले होते, बाळ, तुला सासरी पोचवीन ते ह्याच गाडीतून. लहान मुलांना दिलेली असली वचनं सगळ्यांनी मिळून विसरायची असतात, पण हर्षाली विसरली नाही. तिच्या वडलांनी, म्हणजे अमरसिंह दाजींनी, पाठवणीसाठी लांबलचक पांढरी गाडी ठरवली होती. पोरीने सांगितलं, मी जाईन तर मामांच्या जीपमधूनच. हे कानावर आलं तसा उत्तरेश्वररावांचा ऊर भरून आला आणि त्या भरात त्यांनी दाजींना पांढरी गाडी रद्द करायला लावली. दाजींनी फोन ठेवण्याआधी एवढंच विचारलं, "उत्तरेश्वरराव, जीप वाटंत तापायची न्हाय नव्हं?"

हा प्रश्न झोंबला, कारण तो बरोबर होता. जीप उत्तरेश्वररावांच्या वडलांच्या काळातली, डिझेलवरची. सपाटीवर ती कुणाला हार जात नसे, पण तुळजापूरच्या घाटात तिच्या नाकातोंडातून वाफ निघाली नाही असा एकही प्रवास घडलेला नव्हता. सोलापूरहून देवीला जाताना घाट दिसू लागला की उत्तरेश्वररावांच्या आई, धुरपदाबाई, न सांगता पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसत. देवीला निघालेल्या बसमधले लोक खिडकीतून हात जोडत जात. ते देवीला जोडत की जीपला, हे कळायला मार्ग नव्हता.

गावातला मेस्त्री धुळाप्पा हा गडी मनाने चांगला, पण त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: काढून टाका. त्याने जीपचा हीटर काढून टाकला, आतला दिवा काढून टाकला, वायपरही काढून टाकले (आपल्याकडं पाऊस असा कितीसा पडतो, असं त्याचं म्हणणं). गाडी गरम होते म्हटल्यावर तो म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाका. उत्तरेश्वररावांनी मनाशी ठरवलं की आता ह्याच्याकडं पाऊल टाकायचं नाही, नाहीतर एक दिवस आपण हातात नुसती नंबरप्लेट घेऊन चालत घरी येऊ.

तर बॉनेट उघडलं, आणि उत्तरेश्वररावांची नजर एल्बोवर गेली. इंजिनाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं एक ओतीव कोपर असतं. बुडाशी चपटी बैठक, तिच्यावरून उंच जाऊन पुढं वळलेली मान, आणि मानेच्या टोकाला रबरी नळी. इंजिनात तापलेलं पाणी ह्या कोपरातून रेडिएटरकडं गार व्हायला जातं. आत नेमकं काय असेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथंच सगळं संपलं. आत काय असेल हा त्यांचा जन्माचा आजार. शाळेत असताना त्यांनी भजनी मंडळाची पेटी उघडून बघितली होती आणि पुढचे कित्येक गुरुवार गावाने नुसत्या टाळांवर भजन केलं होतं.

एल्बो निघाला. आतून तो ओबडधोबड होता, ओतताना राहिलेले खरखरीत दाणे, कडेला जमलेला गाळ. उत्तरेश्वररावांचे डोळे चमकले. ते पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत कारकून होते. हयात कालव्यांच्या पत्रव्यवहारात गेली होती, कालव्यात पाय मात्र कधी बुडाला नव्हता. 'प्रवाहातील अडथळे तातडीने दूर करण्यात यावेत' हे वाक्य त्यांच्या बोटांना डोळे झाकून टाईप करता येत असे. आणि इथं त्यांच्याच घरच्या प्रवाहात अडथळे होते. पाणी बिचारं ठेचकाळत जातंय, मग गाडी गरम होणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून आले की उत्तरेश्वरराव चहा घेऊन ओसरीवर बसत आणि कानशीने एल्बो आतून घासत. आतलं काम दोन-चार दिवसांत उरकलं. मग आत गुळगुळीत आणि बाहेर काळाकुट्ट हे त्यांना बघवेना. पाणी बाहेरून वाहत नाही, हे वर्षाराणीने निदर्शनास आणून दिलं, पण उत्तरेश्वररावांनी मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला होता. तो माणूस इंजिनाचे भाग घासून असे करी की त्यात तो स्वतःच दिसे. (तो दिसायला देखणा होता, हा भाग वेगळा.) आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, तोही पाण्यात भिजवून. नंतर ड्रिल मशीनला जुन्या जीन्सच्या चकत्या लावून. सगळ्यात शेवटी टूथपेस्ट. त्या महिन्यात घरातल्या माणसांनी मिठाने दात घासले.

एल्बोच्या बुडाशी थर्मोस्टॅट बसतो. ही पितळेची एक चेंडूएवढी वस्तू. इंजिन गार असेतो तोंड मिटून पाणी अडवून धरायचं, आणि तापायला लागलं की तोंड उघडून पाणी सोडायचं, एवढंच तिचं काम. हे तोंड उघडताना कसं दिसत असेल? झालं. उत्तरेश्वररावांनी ती वस्तू चहाच्या आधणात टाकली आणि गॅस मोठा केला.

वर्षाराणी ओरडणार होती, पण तिलाही बघायचंच होतं. धुरपदाबाई आल्या. रुखवताच्या कामाला आलेल्या शेजारणी आल्या. सगळ्याजणी पातेल्यावर वाकून उभ्या राहिल्या. पाणी कोमट झालं, बुडबुडे आले, काही नाही. पाणी उकळलं, काही नाही. पाणी उतू जाऊन शेगडीवर चरचरलं, आणि मग कुठं त्या पितळी वस्तूने हळूहळू तोंड उघडलं. बायकांनी श्वास सोडला.

"खळाखळा उकळल्याबिगर तोंडच उघडंना की ह्ये," धुरपदाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लई नेमाचं हाय."

"आई, शिस्त म्हणत्यात ह्याला," उत्तरेश्वरराव म्हणाले. त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला होता.

ज्या वस्तूने इंजिन तापायला लागताच तोंड उघडायला हवं, ती पाणी उतू जाईपर्यंत गप्प का बसली, हा प्रश्न त्या स्वयंपाकघरात कुणालाच पडला नाही. सगळे ते उघडलेलं तोंड बघण्यात दंग होते. वर्षाराणीने ते पाणी ओतून देऊन नवं आधण ठेवलं. धुरपदाबाईंनी ती वस्तू चिंचेने घासली, पुसली आणि फळीवर डब्यांच्या रांगेत ठेवून दिली.

आता रुखवताचं सांगायला हवं, कारण घरात महिनाभर दोन कारखाने शेजारी शेजारी चालले होते. हर्षालीच्या घरी पाहुण्यांची गर्दी, म्हणून सासरच्या मंडळींसमोर मांडायचं रुखवत मामांच्या घरी तयार होत होतं आणि त्याची मुखत्यारी वर्षाराणीकडं होती. दुपारी ओसरीवर शेजारणी जमत. मोत्यांचं तुळशी वृंदावन, सुपारीचे भटजी, डाळींची रांगोळी, सगळं झालं होतं. पण रुखवताचा मुकुटमणी होता थर्माकोलचा हंस. त्याच्या पांढऱ्या पिसांसाठी वर्षाराणीने डोळे फोडून घेतले होते. ती पिसं सुकायला म्हणून हंस खाटेवर ठेवला होता. संध्याकाळी उत्तरेश्वरराव एल्बो निरखत निरखत आले आणि खाटेवर बसले.

हंसाचा आवाज फारसा झाला नाही. नंतर जो आवाज झाला तो वर्षाराणीचा. लग्न तोंडावर आलंय, आता दुसरा हंस कुठून आणायचा, असं ती बराच वेळ विचारत राहिली. उत्तरेश्वरराव एल्बोच्या मानेखाली राहिलेला एक काळा डाग बघत होते. ते मान वर न करता म्हणाले, "करतो मी कायतरी."

असं ते नेहमीच म्हणत. म्हटल्यावर विसरूनही जात. त्यात घरात कुणीही विचारलं की एवढं कशासाठी घासताय, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "हे सगळं हर्षालीसाठी चाललंय." धुरपदाबाईंनी ही दोन वाक्यं आपल्या मनात एकत्र केली. कुणीही केली असती.

लग्नाच्या आदल्या दिवशी जीप चार माणसांनी ढकलत मंगल कार्यालयापाशी नेली. फुलांवाल्यांना ती सजवायला हवी होती आणि कार्यालय चार घरं सोडून होतं. एल्बो मी तिथंच निवांत बसवतो, असं उत्तरेश्वरराव सर्वांना सांगत होते. त्यांनी तो शेवटचा पुसला, त्यात स्वतःचा चेहरा बघितला, देव्हाऱ्याशेजारी लाल मखमलीचा तुकडा अंथरून त्यावर उभा करून ठेवला आणि नळीच्या क्लिपा व बैठकीखालचं पॅकिंग आणायला उमरग्याला गेले.

ते गेले आणि बायका रुखवत बांधायला आल्या. देव्हाऱ्याशेजारी, लाल मखमलीवर, लखलखत, मान वळवून तो उभा होता. जीपला नवा एल्बो आणायला उत्तरेश्वरराव उमरग्याला गेले आणि जुना हंसासाठी ठेवून गेले, असंच सगळ्यांनी धरलं. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाने सांगितलेली गोष्ट मनावर घेऊन करून ठेवली असं पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणून एवढं घासत हुता बिचारा," धुरपदाबाई म्हणाल्या. "अन् आपण त्येला काय काय बोललो."

मग बायकांनी हंसाला कुंदनाचे डोळे चिकटवले, नारिंगी कागदाची चोच लावली, बैठकीभोवती जाळीची पिसं फिरवली. खाली पाटी लिहिली, 'मामांकडून'. खोक्यात घालून सगळं कार्यालयावर गेलं. धुरपदाबाईंनी फळीवरची पितळी वस्तूही नातीच्या भांड्यांच्या डब्यात टाकली. पाणी खरंच उकळलं की नाही, हे नव्या नवरीला कळत नाही, आणि सासरचा पहिला चहा फिका झाला की ते जन्मभर ऐकावं लागतं.

संध्याकाळी उत्तरेश्वरराव परत आले तेव्हा मखमल होती, एल्बो नव्हता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विचारावं तर कुणाला? वस्तू ठेवून विसरणे ह्या बाबतीत त्यांची कीर्ती एवढी होती की विचारताक्षणी ती बातमी दाजींपर्यंत गेली असती. ते हळदीच्या गडबडीत घरभर एकटेच फिरत राहिले. धान्याची कोठी बघितली, गाद्यांच्या घड्या उलगडल्या. पुरुष माणूस आपणहून गाद्या उलगडतोय हे बघून पाहुण्या बायका नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या.

सकाळ झाली, मुहूर्त आला. बाहेर झेंडूच्या माळांनी मढलेली जीप उभी होती. गावातले लोक तिच्यासोबत फोटो काढत होते, आणि तिच्या पोटात जिथं एल्बो हवा तिथं एक भोक होतं. हर्षाली मामांचा हात धरून बोहल्याकडं निघाली. चालताना हळूच म्हणाली, "मामा, म्या मैत्रिणींना सांगितलंय, आमच्या मामांनी महिनाभर गाडी तयार केलीया माझ्यासाठी." दाजींनी काही म्हटलं तर उत्तरेश्वरराव ऐकून घेणार होते, ऐकायची त्यांना सवय होती. पण ह्या पोरीला काय सांगायचं?

मामा म्हणून ते तिच्या पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांची नजर अशीच फिरत समोरच्या भिंतीकडं गेली. तिथं रुखवत मांडलं होतं. लाडवांच्या डोंगरापलीकडं, सगळ्यांच्या वर, एका उंच पाटावर त्यांचा एल्बो उभा होता आणि कुंदनाच्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होता.

उत्तरेश्वररावांच्या हातातल्या सगळ्या अक्षता पहिल्याच कडव्याला सुटल्या. उरलेली मंगलाष्टकं त्यांनी रिकाम्या मुठी उडवून काढली.

लग्न लागलं तसे ते गर्दी कापत रुखवताकडं धावले. वाटेत वर्षाराणी भेटली. तिला बाजूला घेऊन त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर कालपासून असलेलं सगळं प्रेम एकदम उतरलं. पण ती म्हणाली ते खरं होतं. रुखवत एकदा व्याह्यांच्या नजरेखालून गेलं की ते त्यांचं. त्यातलं उचलून परत घेतलं तर पोरीला सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

रुखवताशेजारी खुर्ची टाकून नवऱ्या मुलाची आजी, नागूबाई, बसल्या होत्या. हातात काठी. मुलं लाडू पळवतात म्हणून त्यांना तिथं बसवलं होतं, आणि त्या काम मनापासून करत होत्या. उत्तरेश्वरराव इकडंतिकडं बघत गेले आणि त्यांनी हंसाच्या मानेला हात घातला.

"काय पायजे वो, मामा?" नागूबाई म्हणाल्या.

"धूळ पुसत हुतो."

"पुसा की मंग."

उत्तरेश्वररावांनी रुमाल काढून पुसायला सुरुवात केली. ते पुसत राहिले, नागूबाई बघत राहिल्या. आता ह्यापुढं पुसण्यात अर्थ नाही असं दोघांनाही कळलं तेव्हा उत्तरेश्वररावांचा धीर सुटला.

"आजी, ह्यो हंस न्हाय."

"मंग काय बदक हाय?"

"ह्यो माझ्या जीपचा पार्ट हाय. ह्याच्याबिगर जीप चालायची न्हाय. अन् लेकराला म्या शब्द दिलाय, की तुला सासरी माझ्याच गाडीतनं पोचवीन."

नागूबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि हंस हातात घेऊन उलटा केला. सकाळपासून त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. सगळ्या बायका हंसाच्या डोळ्यांचं कौतुक करत होत्या, पण हंसाला बुडातून तोंडापर्यंत आरपार भोक कशाला, हे कुणीच सांगत नव्हतं. त्यांनी ते विचारलं. उत्तरेश्वरराव सांगायला लागले. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, दाण्यांमुळं कसं ठेचकाळतं, आपण आतून कसं घासलं. बोलता बोलता ते आपलं संकट विसरले. नागूबाई बोट आत घालून गुळगुळीतपणा बघत होत्या आणि मधेच शंका विचारत होत्या. महिनाभरात कुणी एवढ्या आस्थेनं ऐकून घेतलं नव्हतं.

शेवटी नागूबाईंनी निकाल दिला. "रुखवताची वस्तू हाय, ती आमची झाली. ती काय आता माघारी जायची न्हाय. पर आमची वस्तू आमच्या गावाला तुमच्या गाडीतनं आली, तर कुणाच्या बाचं काय गेलं? बसवा. म्या बघणार हाय. अन् डोळ्याला धक्का लावायचा न्हाय."

पंगत सोडून निम्मं वऱ्हाड जीपभोवती जमलं. खुर्ची आणून नागूबाईंना बॉनेटसमोर बसवलं. उमरग्याहून आणलेलं पॅकिंग गाद्यांच्या कुठल्यातरी घडीत राहिलं होतं, म्हणून उत्तरेश्वररावांनी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला आणि गणपतीचं चित्र सांभाळून त्यातून नवं पॅकिंग कातरलं. (दोन्हीकडच्या आमंत्रक मंडळींची नावं त्यात गेली, पण ती वाचतं कोण.) अमरसिंह दाजी आले, त्यांनी हंस बघितला, जीप बघितली, आणि पांढऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. ती गाडी दुसऱ्या लग्नाला गेली होती. दाजी तिथंच एका पायरीवर बसले.

एल्बो बसला. रबरी नळी त्याच्या तोंडावर चढवताना चोच आत गेली, आणि हंस नळी तोंडात धरून पाणी पितोय असं दिसू लागलं. बोल्ट आवळले, पाणी भरलं. उत्तरेश्वररावांनी मनातल्या मनात तुळजाभवानीला हात जोडले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. एक थेंब गळला नाही. हर्षाली पाठवणीचं रडत होती ती पदराआडून वाकून बॉनेटमध्ये बघायला लागली आणि रडता रडता हसली.

जीप चालवायला उत्तरेश्वरराव, पुढं शेजारी नवरदेव कृष्णराज, मागं हर्षाली, नागूबाई आणि पाठराखीण म्हणून धुरपदाबाई, मांडीवर पाण्याचा कॅन. तुळजापूरला दर्शनाला थांबले तेव्हा तापमानाचा काटा निम्म्याखाली होता. नागूबाईंनी बॉनेट उघडायला लावून हंसाची चौकशी केली. पुढं घाट आले, उन्हाचे पट्टे आले, काटा तिथंच. बार्शी मागं पडली, परंडा आलं. कॅनचं झाकण उघडलंच नाही. धुरपदाबाई बेचैन होऊन मधेमधे विचारत, "आता तरी तापली का रं?" उत्तरेश्वरराव नुसते हसत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एक काम ठरवल्याप्रमाणं झालं होतं.

सोनारीला उतरल्यावर त्यांनी नवरी पोचवली आणि ओट्यावर बसून भाषण केलं. ते भाषण होईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं, पण कृष्णराजने सहज विचारलं की मामा, एवढी जुनी गाडी तापली कशी नाही, आणि भोवती गावातली चार ट्रॅक्टरवाली मंडळी होती. पाणी ठेचकाळता कामा नये, असं उत्तरेश्वररावांनी सांगितलं. सगळी मेख आतल्या पॉलिशमध्ये आहे. मंडळींनी माना डोलावल्या. दोघातिघांनी तर आपल्या ट्रॅक्टरचे एल्बो काढून आणून देण्याची तयारी दाखवली.

सकाळी त्याच मंडळींदेखत चहा ठेवला गेला. हर्षालीचा सासरचा पहिला चहा. कृष्णराजने सहज पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मामा, हे काय हाय?"

उत्तरेश्वरराव उठून आले. पातेल्यात पाणी खळखळत होतं, आणि तळाशी एक पितळी वस्तू सावकाश तोंड उघडत होती.

काही क्षण त्यांना नुसता आनंद झाला, ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसा. मग त्यांच्या लक्षात आलं की ही इथं आहे, म्हणजे ती तिथं नाही. म्हणजे काल घाईत एल्बो बसवताना आपण ती घातलीच नाही. म्हणजे मुरुमपासून सोनारीपर्यंत पाणी अडवायला कुणी नव्हतंच. ती तोंड उघडायची ते पाणी उतू गेल्यावर, हे तर आपण आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या.

"ती व्हय? ती म्या टाकली हुती डब्यात," धुरपदाबाई म्हणाल्या. "लई कामाची हाय. का रं? गाडीला लागती का?"

"न्हाय," उत्तरेश्वरराव म्हणाले. "गाडीला नगंच हुती." काढून टाका, असं सांगणारा धुळाप्पाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला आणि तो बराच वेळ गेला नाही. ट्रॅक्टरवाली मंडळी चहा घेऊन आपापल्या कामाला गेली. एल्बोचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. हर्षाली तेवढी मामांच्या हातात कप देताना म्हणाली, "मामा, कशीबी आले, पर तुमच्याच गाडीतनं आले का न्हाय?" उत्तरेश्वररावांनी चहाच्या वाफेचं निमित्त करून डोळे पुसले. चहा मात्र झकास झाला होता.

मग नागूबाई आल्या. रुखवत आज घरात मांडायचं होतं. हंस उतरवून द्या, म्हणाल्या. उत्तरेश्वररावांनी बोल्ट काढले, नळी सोडवली, चोच सरळ केली. हंस कपाटात काचेआड गेला. जीप अंगणात तशीच राहिली, दुसरा एल्बो मिळाला की न्यायला या म्हणून. मायलेक एसटीने निघाले. उत्तरेश्वररावांनी दोन तिकिटं काढली आणि खिडकीशी बसून राहिले. बस चढाला लागली. चढावर ती गरम झाली नाही.

बराच वेळ गेल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या, "मंग तू महिनाभर घासून केलंस तरी काय रं?"

उत्तरेश्वररावांनी थोडा विचार केला. "हंस," ते म्हणाले.

धुरपदाबाईंनी मान हलवली. "झालाय चांगला," त्या म्हणाल्या. "मानंखाली जरा काळं राह्यलंय तेवढं."